धडामराव आणि एकतिसावा भाग

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या टेबलाशी बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे धडामराव म्हणायचे, आणि त्यांना ती बढतीच वाटायची. काम काय, तर जपानहून आलेल्या 'मांगा' चित्रकथांच्या पानांवरचे मूळ आवाज खोडायचे आणि तिथे आपल्या भाषेतले आवाज ब्रशने काढायचे. तलवार उपसली की 'सर्र', भिंत कोसळली की 'धडाम', राक्षसाचं मुंडकं उडालं की 'खच्च'. संवादांचं भाषांतर करायला वेगळ्या बाई होत्या. पण धडामरावांना विचाराल तर पुस्तक खपतं ते आवाजांवर. संवाद आपले तोंडी लावायला!

माणूस हाताने तयारीचा, यात वाद नाही. तोंडाने तर त्याहून. कोणी गप्प बसलेलं दिसलं की यांना वाटायचं, बिचाऱ्याला काहीतरी झालंय, आणि लगेच त्याच्या मदतीला धावायचे. मग त्या बिचाऱ्याला खरोखरच काहीतरी व्हायचं.

घरी बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मागे कॉलेजात जाणारी एकुलती एक लेक. बापाची बडबड सुरू झाली की ती उठून आत जायची. मात्र नवा भाग आला की स्वतःहून शेजारी येऊन बसायची, कारण भुताखेतांशी लढणाऱ्या पोराची ही मालिका ती शाळेपासून वाचत होती. बापलेकीचं बोलणं म्हणाल तर तेवढंच उरलेलं. त्या संध्याकाळची वाट धडामराव पगारापेक्षा जास्त बघायचे.

एकतिसावा भाग म्हणजे मालिकेचा कणा. ज्या गुरूने पोराला तलवार धरायला शिकवलं, त्याच्याच अंगात राक्षस शिरतो, आणि पोराला आपल्या हातांनी त्याला मारावं लागतं. लेक आधीपासूनच बजावत होती, "बाबा, हा भाग नीट करा हं." आता इतकं सांगितल्यावर बाप मागे हटतोय होय!

पानं आली. मारामारी झकास उरकली. गुरूच्या मरणाची पानं उघडली, तर एकावरही आवाज नाही. तलवार आरपार जातेय, पोरगं आ वासून ओरडतंय, आणि सगळं चिडीचूप! "चित्रकाराला वेळ पुरला नसणार," धडामराव हळहळले.

"अहो, मुद्दामच ठेवलंय ते तसं," भाषांतरवाल्या बाई म्हणाल्या.

"अर्धवट माल मुद्दाम कोण पाठवतं?" असं म्हणून त्यांनी ब्रश बुडवला. तलवारीला 'फच्याक'. रक्ताला 'पिचिक पिचिक'. गुरू पडला तिथे पानभर 'धब्ब'. आणि पोराच्या उघड्या तोंडासमोर ठसठशीत 'भ्यँ'. संपादकांनी त्यांचं काम कधी तपासलं नव्हतं, ते तेव्हाही तपासलं नाही.

पहिली प्रत घेऊन ते धावतच घरी गेले. लेक वाचायला लागली आणि हे तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिचे डोळे भरून आले. तिने पान उलटलं, आणि फिस्सकन हसली. हसता हसता 'भ्यँ'वर बोट ठेवलं, मग ते हसूही गेलं.

"बाबा, इथे तरी गप्प बसायचं होतं हो."

"अगं, पण पान रिकामं..."

"आई गेली तेव्हाही हेच केलंत. मला रडायचं होतं, आणि तुम्ही तिच्या उशाशी बसून नर्सला पंख्याचा खडखडाट कसा घालवायचा ते सांगत होतात."

त्या वेळी तोंड बंद केलं असतं तर धडामराव तिथेच ढसाढसा रडले असते, म्हणून बोलत होते. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं काय, तर, "पण 'फच्याक' कसा नेमका बसलाय, बघ की!"

तिने पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं आणि आत निघून गेली.

बत्तिसावा भाग त्यांनी मोठ्या आशेने घरी आणला. लेकीने तो मैत्रिणीकडून आणून आधीच वाचला होता; मूळ भाषेतला, एक अक्षरही कळत नसताना.