लालासाबची तांबडी रेघ

लालासाब मोटारीवर आला तो टांग्यावरून. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली शेवटची काही वर्षं ती. रस्त्यानं मोटार जाताना दिसली की माणसं अजून हातातलं काम टाकून बघत. उचगावच्या गणपतरावांनी कोल्हापूर ते गडहिंग्लज उतारूंची गाडी सुरू केली आणि चालवायला लालासाबला घेतलं, कारण ती वाट त्याच्याइतकी कुणाला पाठ नव्हती.

मोटार तो शिकला, पण हात टांगेवाल्याचाच राहिला. चढ संपला की खाली उतरायचा आणि घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवायचा. चटका बसला तर गाडी सावलीला उभी करायचा. पाणी मात्र लगेच घालायचा नाही. तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर त्याच्या पोटात मुरडा येतो, हे बापानं त्याला चाबकाबरोबरच शिकवलं होतं.

पुढं गणपतरावांनी गाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीच्या झाकणात, एक काचेची नळी बसवून घेतली. इंजन तापेल तशी तिच्यात तांबडी रेघ वर चढायची आणि ती बसल्या जागेवरून दिसायची.

"आता हिच्याकडं बघत जा," गणपतराव म्हणाले. "मानंवर हात ठिवायला ते काय तुजं तट्टू हाय?"

"तट्टू बरं हुतं, मालक. तापलं की तोंडाला फेस तरी यायचा."

त्याच साली मानमोडीची साथ आली. घरटी माणूस तापानं पडू लागलं, आणि कबरी खणायला धडधाकट माणसं मिळेनात. अशात गडहिंग्लजहून निरोप आला की नजीरा पडली आहे. लालासाबची ती एकुलती एक लेक. तिथल्या वैद्याकडचं औषध संपलं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात वेळेत पोचली तर काही आशा होती. उतारू नव्हतेच, तेव्हा गणपतरावांनी गाडी नेऊ दिली.

जाताना तवंदीच्या घाटात रेघ खालीच राहिली. वर पोचून लालासाबनं बॉनेटला हात लावला, तर तळवा भाजला. काच बिघडली असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. लेकीच्या घरी पोचल्यावर त्यानं इंजन निवू दिलं, झाकण काढलं आणि नळीचं टोक चुलीवरच्या आधणात धरलं. रेघ सरसर वर गेली. बाहेर काढल्यावर उतरली. पुन्हा बुडवली, पुन्हा चढली.

आत वाकळेवर पडलेली नजीरा हे बघत होती. ओठ फुटले होते, तरी म्हणाली, "अब्बा, ते माज्या काखंत लावा की. मोटारीचा ताप तुमास्नी कळतुय, माजा न्हाय?"

"गप पड. उगं बडबडू नगं," लालासाब म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

काच खोटी नाही, म्हणजे आपला हातच खोटा, असं त्यानं ठरवलं. टाकीत पाणी ओतलं. रोजच्यापेक्षा बरंच जास्त मावलं, पण त्याचं ध्यान घरात होतं.

मागच्या बाकावर जावई चमन बसला आणि नजीराचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. संकेश्वर मागं पडल्यावर रस्त्याकडेला विहीर लागली. तिथं मोट चालू होती.

"मामा, थांबूया का जरा? गाडीला पाणी दावू. हीबी मगाधरनं पाणी मागतीया."

"तापल्यावर पाणी देत न्हाईत. जनावराला न्हाय आन् माणसालाबी न्हाय. वैद्य काय बोलला, ऐकलं न्हवं तू?"

"घोटभर, अब्बा," मागून आवाज आला.

"पोचल्यावर, माजे बाय. दवाखान्यात पोचल्यावर पोटभर पी."

घाट लागला. रेघ वर चढू लागली, पार टोकाशी गेली. लालासाबचे डोळे तिच्यावरून हलेनात. मग चढ अजून सरला नव्हता तोच ती खाली येऊ लागली. इकडं चमन म्हणाला, "मामा, हिला घाम फुटलाय. अंग गार लागतंय."

"उतरला बघ!" लालासाब म्हणाला. त्या दिवसात पहिल्यांदाच तो हसला. "दोघींचाबी उतरला."

त्यानं गाडी तशीच दामटली. थोड्या वेळानं जळका वास आला, इंजन कण्हल्यासारखं घरघरलं आणि जागेवर अडकलं. हँडल मारून मारून खांदा दुखला, पण ते फिरेना. वाफ तोंडावर येईल म्हणून हाताला फडकं गुंडाळून त्यानं झाकण सोडलं. वाफ आली नाही. आत काटकी घातली, ती कोरडीच वर आली. टाकीची कथलाचा डाग देऊन सांधलेली जोड उकलली होती आणि तिथून पाणी वाटभर गळत आलं होतं. नळीला ताप कळायचा तो पाण्याचा. पाणीच खाली गेल्यावर ती काय दाखवणार?

सीटखाली पाण्याचा डबा होता. निघाल्यापासून तो भरलेलाच होता. लालासाबनं तो ओढून काढला, पण टाकीकडं गेला नाही. मागं जाऊन त्यानं नजीराची मान उचलली आणि पाणी ओठाला लावलं. ते ओठाच्या कडेनं बाहेर आलं, गळ्यावरून ओघळून चमनच्या मांडीवर सांडलं.

"पी की गं," लालासाब म्हणत राहिला. "पी. कोण नगं म्हणतंय तुला?"

चमननं त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

इंजन दुरुस्त झाल्यावर गणपतरावांनी त्यालाच पुन्हा बोलावलं आणि तो गेलाही. दुसरं करणार काय? घाटाअलीकडच्या विहिरीशी तो गाडी थांबवायचा. इंजन निवेपर्यंत बसायचा, मग झाकण उघडून आत काटकी बुडवायचा. काटकीची ओली खूण डोळ्याशी धरून बघायचा आणि मगच झाकण लावायचा. उतारू वैतागायचे. "पावणं, सांज करता काय हितंच?" म्हणायचे. तो उठून विहिरीकडं जायचा. डबा भरून आणायचा आणि तहान असो नसो, एकेकापुढं धरत जायचा. कुणी नको म्हणालं की त्याचा हात तिथंच थांबायचा. मग तो माणूस निमूट घोटभर पाणी प्यायचा.