मिठागरावरचा वर्ग आणि ठाण्याची ग्रँट

एखादं मंडळ बंद पडलं की त्याचं सामान लोक वाटून घेतात. आमच्या मंडळाचे कंदील चांगो पाटलाकडे गेले, फळा शाळेला दिला, रबरी शिक्का आबांच्या ट्रंकेत गेला. किस्से तेवढे कोणी मागितले नाहीत, ते माझ्याकडे राहिले.

पण किस्सा ही काही एकट्याने जपायची वस्तू नाही! एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने "अरे, तसं नव्हतं ते!" म्हणून मोडता घालायचा, तिसऱ्याने शेवट पळवायचा. आता मोडता घालणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हा मी सांगतो तेच खरं, असं धरून ऐका.

* * *

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. मी डोंबिवलीत नवाच आलेलो. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आई-वडील आधीच नव्हते. गावाकडच्या घरात बसवेना, म्हणून कल्याणला एका लाकडाच्या वखारीत कारकुनी धरली आणि डोंबिवलीला चाळीत एक खोली घेतली.

पाचला वखार सुटायची. त्यानंतरची संध्याकाळ मात्र कुठून धरावी तेच कळायचं नाही. मी घरी जायचो, कोट खुंटीला लावायचो, पुन्हा घालायचो आणि स्टेशनावर येऊन गाड्यांचं वेळापत्रक वाचत उभा राहायचो. पाठ झालं होतं!

एकदा छत्रीवाला एक म्हातारा जवळ आला. हे आबा केळकर. मुंबईच्या एका सरकारी कचेरीतून पेन्शनीत निघालेले.

"तुम्ही रोज येता. गाडी पकडत नाही, कुणाला न्यायलाही येत नाही. संध्याकाळी करता काय?"

"काही नाही."

"उत्तम!" आबांनी माझा दंडच धरला. "आम्हाला असाच माणूस हवाय!"

* * *

आबांचं मंडळ म्हणजे तेव्हा आबा आणि यमुनाबाई. यमुनाबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. तिशीच्या असतील. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, पुढे सासूही गेली, आणि त्या स्टेशनापलीकडे एका खोलीत राहायच्या. दोघांनी मिळून खाडीकाठच्या आगऱ्यांच्या गावात मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचं ठरवलं होतं. अशा वर्गांना सरकार ग्रँट देतं, हे आबांनी पेपरात वाचलेलं. अट एकच: कार्यकारिणीत सात माणसं पाहिजेत.

आबा अर्ज लिहायला बसले. ते स्वतः, त्यांची बायको, मेहुणा, यमुनाबाई, मी आणि ज्याच्या ओटीवर वर्ग भरायचा तो चांगो पाटील. सहा झाले.

"लेले, तुमच्या घरातलं एक नाव द्या."

"घरात मी आहे."

"ते लिहिलं. दुसरं?"

"दुसरं नाही, आबा."

आबांनी टाक दौतीत बुडवला. काही न लिहिता पुन्हा बुडवला. मग खाकरून म्हणाले, "बरं, चांगोच्या घरचं घेऊ."

अशी चांगोची आई, ठमाबाई, सातवी सदस्य झाली. तिने अर्जावर झोकात अंगठा उठवला. महिन्याभरात ठाण्याच्या कचेरीतून अर्ज परत! वर लाल शाईत शेरा: "कार्यकारिणीच्या एक सदस्या निरक्षर आहेत. खुलासा करावा."

आबांनी तीन पानी इंग्रजी मसुदा केला, फाडला, आणि खाली मराठीत एकच ओळ लिहिली: "म्हणूनच ग्रँट हवी आहे."

ग्रँट मंजूर झाली!

* * *

पहिल्या दिवशी मी ओटीवर फळा टेकवला आणि पुस्तकात होतं तसं कमळाचं चित्र काढून 'क' लिहिला. समोर वीसेक माणसं. बहुतेक मिठागरावर राबणारी, पायांना भेगा पडून त्यात मीठ बसलेलं.

चांगो म्हणाला, "मास्तर, ह्या कमल आमच्याकरं कोनी बगलाय? मीठ लिव्ह ना!"

मी यमुनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मी 'क' पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: मीठ. आठ दिवस तेवढंच घोटलं. आठव्या दिवशी हाश्या नावाचा म्हातारा उठला, फळ्यापाशी गेला, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाला, "मी... ठ." आणि तिथेच खाली बसला.

"काय झालं हाश्यादा?"

"काय नाय," तो म्हणाला. "पन्नास वर्सां डोईवर उचलला, मास्तर. आज पयल्यांदा वाचला!"

* * *

ग्रँटीतून पाच कंदील आले. काचा नव्हत्या! आबांनी विचारणा केली. उत्तर आलं, "काचांची तरतूद पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात आहे."

यमुनाबाईंनी पत्र वाचून घडी घातली. "म्हणजे अंधार या वर्षीचा, उजेड पुढच्या वर्षी!"

* * *

या काळात कल्याणजवळ, विठ्ठलवाडीच्या अंगाला निर्वासितांची छावणी होती. सिंधमधून आलेली हजारो माणसं बराकीत राहत होती. तिथे अर्ज लिहून द्यायला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तर आबांनी मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. रविवारचा म्हणून मी जायला लागलो. रेशनचे अर्ज, भांडवलाच्या मदतीचे अर्ज, हरवलेल्या माणसांचे अर्ज.

एक म्हातारी रांग संपेपर्यंत बाजूला बसून राहायची. एकदा ती पुढे आली. तिला अर्ज नको होता, पत्र हवं होतं. तिकडच्या शेजारणीला.

"माँजी, तुमची लिपी मला येत नाही," मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.

"तुझ्या लिपीत लिही."

"ती तिकडे कोण वाचणार?"

ती म्हणाली, "बेटा, तिकडे आता माझी लिपी वाचणारीसुद्धा राहिली नाही. ती पण घर सोडून निघाली होती. तू लिही!"

मी लिहिलं. हिंदीत, चार पानं. कोणाचं छप्पर गळायचं, कोणाच्या पोराचे दात उशिरा आले, असं सगळं. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. "उत्तर आलं का?" असं विचारेल म्हणून मी धास्तावलो. ती म्हणाली, "मागच्या वेळी विहिरीचं सांगायचं राहिलं."

* * *

एका संध्याकाळी ठाण्याचे साहेब न कळवता वर्ग तपासायला आले. सरळ माणूस, पण नियमाचा पक्का. नोकरीच्या आधी म्हणे शाळेत व्याकरण शिकवायचे. ओटीवर बघतात तर मी, यमुनाबाई आणि एक शेळी!

"विद्यार्थी कुठे आहेत?"

"साहेब, उधाण आलंय. खाडीचा बांध फुटला. सगळं गाव तिकडे गेलंय."

उपस्थिती शून्य लिहिली तर ग्रँट बंद, आणि ग्रँट बंद तर वर्ग बंद. माझ्यापुढे ते स्टेशन आणि ते वेळापत्रक उभं राहिलं.

साहेबांनी हजेरीपुस्तक काखेत मारलं. "चला, दाखवा."

खारं पाणी भातात शिरत होतं. बायका-पुरुष मांडीभर चिखलात उभे राहून पाट्या भरभरून माती टाकत होते. साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली, एका उंचवट्यावर उभं राहून पुस्तक उघडलं आणि खणखणीत हजेरी घ्यायला लागले! चिखलातून एकेक "हजर!" येत होता. हाश्याने तर हात वर करायच्या नादात मातीचं ढेकूळ साहेबांच्या अंगावर उडवलं.

शेवटी साहेबांनी छापील तक्त्यावरचा प्रश्न विचारला, "सर्वांकडे पाट्या आहेत?"

ठमाबाई गरजली, "ह्या काय, डोक्यावर हायत!"

साहेबांनी तिथेच शेरा लिहिला: "वर्ग चालू. सर्वांकडे पाट्या आहेत."

* * *

त्याच बांधावरून आम्ही रोज दिवेलागणीनंतर कंदील घेऊन परत यायचो. आबा गुडघ्यामुळे पुढे-पुढे येईनासे झाले, मग मी आणि यमुनाबाई दोघंच. बांध एका माणसाच्या रुंदीचा. त्या पुढे, मी मागे. दोन वर्षं! त्यांच्या चपलेचा तुटून शिवलेला अंगठा मला जितका पाठ होता तितका त्यांचा चेहरा नव्हता.

बोलणं फारसं व्हायचं नाही. झालं तर वर्गाचं. एकदा अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"लेले, मागे आहात ना?"

"आहे की."

"मग जरा पाय वाजवत चला. मला वाटतं, मी एकटीच चाललेय."

मी त्या दिवसापासून पाय आपटत चालायला लागलो. चांगो म्हणायचा, "मास्तर चालतो का उखळात भात सडतो?"

* * *

आमचा वर्ग बंद पडला तो मात्र यशामुळे! तिसऱ्या वर्षी कचेरीने कळवलं की गावातली नोंदलेली सगळी मोठी माणसं साक्षर झाली, सबब ग्रँटीचं प्रयोजन उरलेलं नाही. आबांनी पत्र ओटीवर वाचून दाखवलं.

मग चांगोने हळूच विचारलं, "आबा, चार-पाच मानसां इसरली, तं चालंल?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पत्र चष्म्याच्या घरात ठेवलं, चष्मा बाहेरच राहिला.

पुढल्या वर्षी आबा गेले. यमुनाबाईंना नाशिककडच्या एका शाळेत वरची जागा मिळाली. मी स्टेशनावर पोचवायला गेलो, ट्रंक चढवली. "पत्र पाठवा," त्या म्हणाल्या. मी पाठवलं, त्यांनीही पाठवलं. मग दिवाळीचं तेवढं. मग तेही नाही. बोलायचं ते कुठल्याच पत्रात मी लिहिलं नाही. इतरांचे शेकड्यांनी अर्ज लिहिले, तेवढा एक राहिला.

* * *

एक किस्सा मुद्दाम मागे ठेवलाय. तो त्याआधीचा, वर्ग ऐन भरात होता तेव्हाचा.

वार्षिक परीक्षा. चांगोच्या ओटीला आंब्याची पानं लावलेली. ठाण्याचे तेच साहेब आले. समोर सगळा गाव, बाजूला आबा, फळ्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला यमुनाबाई. पुरुषांची परीक्षा झाली. हाश्याने पोस्टकार्ड वाचून दाखवलं. मग बायका.

ठमाबाईची पाळी आली. सकाळी डोक्यावर भाजी घेऊन ती सारी डोंबिवली पालथी घालायची. माझ्या चाळीत यायची, यमुनाबाईंच्याही दारावरून जायची. कोणाच्या घरी किती जुड्या लागतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, "आजी, पुस्तकातलं नको. तुमच्या मनातलं लिहा. दोन वाक्यं."

ठमाबाईने खडू घेतला. फळ्याकडे तोंड करून बराच वेळ लिहीत राहिली. मध्ये एकदा अडली, तेव्हा यमुनाबाई पुढे सरसावल्या, पण तिने हाताने त्यांना मागे सारलं. लिहून झाल्यावर पदराला हात पुसून बाजूला झाली. फळ्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत होतं:

मास्तर एकला जेवतो.
बाय पन एकली जेवते.

आबा छताकडे बघायला लागले. मी फळ्याकडे बघू शकेना आणि फळ्याच्या पलीकडेही बघू शकेना.

साहेबांनी दोन्ही ओळी शांतपणे वाचल्या. 'बाय'ची 'बाई' केली, 'पन'चा 'पण' केला.

"छान," ते म्हणाले. "आता आजी, या दोन वाक्यांचं एक वाक्य करा बघू."

ठमाबाईने खडू त्यांच्या हातात परत ठेवला.

"ता माजा काम नाय, साहेब. ता त्या दोगांना सांग!"