लेकीचा हात

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या त्या बाईला सगळी मुलं गाडीमावशी म्हणायची, आणि मुलांचं ऐकून त्यांचे आईबापही तेच म्हणायला लागले होते. पंधरा-सोळा पोरं रोज तिच्या गाडीत कोंबलेली असत, पण गाडीतून कधी कल्लोळ ऐकू यायचा नाही. कुणी मागे आरडाओरडा केला की ती स्वतःचा आवाज इतका खाली आणायची, की मावशी काय म्हणाली ते ऐकण्यासाठी पोरं आपोआप गप्प व्हायची. सकाळी रडत येणाऱ्याला ती "रडून झालं की सांग, मग निघू" असं म्हणायची आणि खरंच थांबायची. "आमचा कार्टा तुमचंच ऐकतो हो, काय करता तुम्ही?" असं बायका गाडीच्या खिडकीत वाकून विचारत. ती हसायची आणि गिअर टाकायची.

भर उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे का घालते, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

घरी ती, नवरा आणि एकुलती एक लेक. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याच्या कामाला वेळकाळ नव्हता. लेकीचं शाळेतलं नाव मोठं आणि छान होतं, पण रांगती होती तेव्हापासून घरात ती ठमी होती, आणि आता आईच्या खांद्याच्या वर गेली तरी ठमीच राहिली होती. ठमी वर्गात शहाणी मुलगी. वर्गातल्या काचेच्या पेटीतले मासे तिच्यावर सोपवलेले होते, आणि सुट्टी लागली की ती ती पेटी सांभाळून घरी आणायची. "इतकी समजूतदार मुलगी क्वचित पाहिली," असं वर्गशिक्षिका म्हणाल्या, तेव्हा गाडीमावशीला आनंद झाला, आणि तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढली. कारण त्याच आठवड्यात त्या समजूतदार मुलीने तिच्या दंडाला असा चावा घेतला होता, की दातांची रांग निळी उमटली होती.

सुरुवात कधी झाली ते तिलाही नीट सांगता येत नाही. लहानपणी पोरं हातपाय झाडतातच, त्याला कोण मारणं म्हणतं? पण एकदा मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून ठमी चिडली. आई म्हणाली, "अगं, दुसरे घाल, उशीर होतोय." त्यावर पाण्याची स्टीलची बाटली येऊन आईच्या कपाळावर आदळली. रक्त पाहून आईपेक्षा ठमीच जास्त घाबरली. ती आईच्या कमरेला घट्ट मिठी मारून उभी राहिली, आणि आई एका हाताने कपाळ दाबून दुसऱ्या हाताने तिच्याच पाठीवर थोपटत राहिली. "काही नाही गं, काही नाही."

पुढेही तसंच होत गेलं. आधी ठमी गप्प व्हायची, मग तिचे कान लाल व्हायचे, मग लाथ, गुद्दा, चिमटा, जे मिळेल ते. कारण शोधायला जावं तर हाती लागायचं नाही. ताटातलं अंडं जास्त उकडलंय. उद्या वर्गासमोर बोलायचंय. बाबा येतो म्हणाला आणि आला नाही. मग तासाभराने ती आईच्या जवळ येऊन बसायची आणि अगदी बारीक आवाजात विचारायची, "दुखतंय का?" यावर काय उत्तर द्यायचं ते आईला कधीच कळलं नाही. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर पोरीचा चेहरा पाहवत नाही.

आई मुलाला मारते, ते सांगता येतं. नवरा बायकोला मारतो, त्यालाही आता लोक कान देतात. पण लेक मारते, हे वाक्य कुणासमोर बोलायचं? ऐकणारा एकतर हसेल, नाहीतर म्हणेल, "आणि तुम्ही मार खाता?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसाच हा होता, फक्त तोंड तिचं तिनेच दाबलं होतं. विचारलंच कुणी तर कपाटाचं दार लागलं, नाहीतर गाडीचा दरवाजा.

मनात मात्र ती सारखी शोधत असायची. ठमी तीनचार वर्षांची असताना आपण तिला चापट्या मारल्या, त्याचं हे फळ का? मग ज्यांनी पोरांना बदडून काढलं त्यांची पोरं गाईसारखी कशी? आपण दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांत असतो म्हणून? सासऱ्यांचा राग जमदग्नीचा होता, तो उतरला का? एक कारण पटतंय असं वाटेपर्यंत दुसरं पुढे यायचं आणि पहिलं खोटं पडायचं.

नवऱ्याला वाटायचं, सगळं साधं आहे. "तू तिला डोक्यावर बसवून ठेवलंयस," तो म्हणायचा. "माझ्यासमोर करते का कधी?" ते खरंच होतं. तो ओरडला की ठमी मांजर व्हायची. पण तो कामावर गेला की ती सगळी कसर आईवर निघायची. एकदा तो घरी असतानाच तिने आईला ढकललं, आणि त्याने हात उगारला. गाडीमावशी झटकन मध्ये गेली. चापट तिच्याच खांद्यावर बसली. आपण नक्की कुणाला वाचवायला मध्ये गेलो, याचा ती नंतर भांडी घासताना कितीतरी वेळ विचार करत होती. नवराही दाराशी खुळ्यासारखा उभा होता. "आता मीसुद्धा तुलाच मारलं," एवढंच तो म्हणाला.

मग ती सकाळ आली. नेहमीचा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून गाडीमावशीने गाडी बाजारामागच्या वळणाने घेतली. ठमी तिच्या शेजारी पुढच्या सीटवर होती. त्या दिवशी तिला वर्गात तोंडी परीक्षा द्यायची होती.

"नेहमीच्या रस्त्याने चल," ठमी म्हणाली.

"तो खणलाय गं. इकडूनही वेळेवरच पोचू."

"चल म्हटलं ना!"

तिचे कान लाल झालेले आईला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, पण हात स्टिअरिंगवर होते. गुद्दा बरोबर मनगटावर बसला. गाडी फुटपाथवर चढली आणि एका खांबाच्या अलीकडे हिसका देऊन बंद पडली. मागे डबे पडले, एक बाटली घरंगळत पुढे आली. कुणाला खरचटलंही नव्हतं.

मग समोरचे दोन दात पडलेली एक पहिलीतली मुलगी मागून म्हणाली, "मावशी, ठमीताईने तुला मारलं?"

हात निसटला, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. खोटं बोलायची आता सवयच झाली होती. पण त्या पोरीने पाहिलं होतं. गाडीमावशी म्हणाली, "हो. मारलं."

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा घराबाहेरच्या कुणाला तरी सांगत होती, आणि तेही बोबड्या पोरीला.

"मग आता तू काय करणार?"

"माहीत नाही गं."

तिने फोन करून दुसऱ्या व्हॅनच्या दादाला बोलावलं, एकेका मुलाला हाताला धरून त्याच्या गाडीत बसवलं. तोवर ठमी फुटपाथवर पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. आईला वाटलं, जाऊन जवळ घ्यावं. तिला असंही वाटलं, की हिला इथेच सोडून निघून जावं. दोन्ही सारख्याच जोराने वाटत होतं, म्हणून ती गाडीच्या पायरीवर नुसती बसून राहिली.

शेवटी ती म्हणाली, "ठमे, मी रागावलेय का घाबरलेय ते मलाच कळत नाही. पण तू शेजारी असताना मी आता ही गाडी चालवणार नाही. आणि जे झालं ते मी माझ्या ताईला, तुझ्या मावशीला सांगणार आहे, बाबाला सांगणार आहे."

"सांगून तर बघ!"

"बघते," आई म्हणाली.

दोघी चालत शाळेत गेल्या. ठमी आधी तरातरा पुढे होती. शाळा जवळ आली तशी ती हळू चालायला लागली. फाटकाशी ती म्हणाली, "माझ्या वर्गात नको सांगू." आईने मान हलवली.

संध्याकाळी गाडीमावशीने एकेका घरी फोन केला. पोरं घरी सांगणारच, त्यापेक्षा आपण आधी. दोन घरांनी मुलं काढून घेतली. त्यांचं चुकलं असं तिला वाटलं नाही. एक गृहस्थ मात्र, जे एरवी पाच मिनिटं उशीर झाला तरी खेकसत, ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बरं. तुमचा हात कसा आहे?" त्यावर तिला इतकं रडू आलं की फोन ठेवावा लागला.

तिची थोरली बहीण दवाखान्यात मलमपट्टीचं काम करायची. फोन ऐकून ती तशीच कामावरून आली. तिने धाकटीची बाही वर सरकवली, आणि नवे-जुने वळ पाहिले.

"नवरा असा मारकुटा असता ना," ती म्हणाली, "तर तुला केव्हाच ओढून घेऊन गेले असते. पण पोरीपासून कुठे घेऊन जाऊ तुला?"

"ताई, वाईट नाही गं ती."

"मी म्हटलं का वाईट?"

ठमी आतल्या खोलीत होती. ताई, म्हणजे ठमीची मावशी, तिच्याजवळ जाऊन बसली. "तू का आलीस?" ठमीने विचारलं.

"तू आईला मारतेस हे मला कळलंय, म्हणून आले. ओरडायला नाही आले. मला कळलंय, एवढंच तुला माहीत असू दे. आता मी येत जाणार."

ठमी उठली, न्हाणीघरात गेली आणि कडी लावून घेतली. मावशी बाहेर पाट टाकून बसून राहिली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अजून आहेस?" "आहे की," मावशी म्हणाली.

शाळेत समुपदेशक बाई होत्या. त्या आधी ठमीशी बोलल्या, मग नवरा-बायकोशी. गाडीमावशीने एकच विचारलं, "पण ती असं का करते?"

"मलाही अजून नक्की सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तिच्या मनात भीती खूप साठते, एवढं दिसतंय. ते शोधू. पण कारण सापडेपर्यंत मार खात बसू नका. ती तापली की वाद घालू नका, समजावूही नका. खोलीबाहेर जा. जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, ती थंड असताना. आणि लपवू नका."

"म्हणजे मी ओरडायचं नाही?" नवऱ्याने विचारलं. त्याला आपलं एकमेव हत्यार काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

"नाही. तुम्ही फक्त घरी असा."

घरी हे सगळं काही पुस्तकासारखं झालं नाही. पहिल्यांदा ठमीचा आवाज चढला तशी आई ठरल्याप्रमाणे जिन्यात जाऊन उभी राहिली, आणि ठमीने आतून दार लावून घेतलं. चपलाही आत, फोनही आत. नवरा कामावरून आला तेव्हा बायको पायरीवर बसलेली. "काय गं, घराबाहेर काढलं तुला?" तो म्हणाला, आणि आपण हसतोय हे लक्षात येऊन ओशाळला. मग तीही हसली. त्याच्या डब्यात एक संत्रं उरलं होतं. ते सोलून दोघं खात बसली. थोड्या वेळाने दार उघडलं. ठमीने बापाकडे पाहिलं, सालींकडे पाहिलं. "मला नाही ठेवलं?" ती म्हणाली.

मारणं कमी झालं. थांबलं, असं म्हणता येत नाही. एकदा बरेच दिवस काहीच झालं नाही, म्हणून गाडीमावशीने अर्ध्या बाह्यांचा कपडा शिवायला टाकला, आणि त्याच आठवड्यात ठमीने तिला भिंतीवर ढकललं. पण त्या संध्याकाळी फोन ठमीनेच उचलला. आईला ओट्यापाशी ऐकू आलं, "मावशी, मी आज आईला ढकललं." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. ठमी बराच वेळ नुसतं हं, हं करत होती.

दुसऱ्या दिवशी, थंड झाल्यावर, आईने विचारलं, "मीच का गं? बाईंना नाही, मैत्रिणींना नाही, बाबाला नाही. मीच का?"

ठमीने नखं कुरतडली. "मला माहीत नाही. आतून काहीतरी येतं. आणि तू कुठे जाणार नाहीस, हे माहीत असतं."

ही मायेची गोष्ट की शिक्षा, हे गाडीमावशीला आजही उलगडलेलं नाही. तिने बहिणीला विचारलं, समुपदेशक बाईंना विचारलं. दोघींनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही तिला अर्धं अर्धं पटलं.

व्हॅन ती अजूनही चालवते. ठमी आता पायी शाळेत जाते. परवा दोघी स्वयंपाकघरात होत्या. ठमीने वरच्या फळीवरची साखर काढायला हात वर केला, आणि आई दचकून मागे सरली. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं, अंगच हललं. ठमी हात तसाच वर ठेवून थिजली.

आज सकाळी चहाच्या वेळी ती पुन्हा त्या फळीखाली आली. आईकडे न बघता म्हणाली, "आई, मी हात वर करतेय. बरणी काढायला."

"काढ," आई म्हणाली. तिला हसावं का रडावं ते कळेना, म्हणून तिने गॅस बारीक केला.