खिडकीखालची ओल

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. गल्लीत तिला सगळे टाकेवाली म्हणतात, आणि तिला ते नाव आवडतं. डोळे तिचे फार तीक्ष्ण. समोरून चालत येणाऱ्या बाईच्या पोलक्याची एक बाही आखूड आहे हे तिला दुरूनच कळतं, आणि कळलं की ते बोलून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. अशा बाईला स्वतःच्या घराची भिंत किती दिवस चकवत राहिली, ते मी सांगणार आहे.

घर म्हणजे एक खोली नि मागे स्वयंपाकघर. एका भिंतीला रस्त्याचं दार, दुसरीला कपाट आणि मशीन, तिसरीत स्वयंपाकघराचं दार. उरली खिडकीची भिंत. तिला लागून दाजींचा पलंग. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर सार्वजनिक बागेत माळी होते. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला, आणि डोळे. ते डोळे सदा खिडकीबाहेर. बाहेर भिंतीला टेकूनच त्यांनी केलेला वाफा होता. धडधाकट होते तेव्हा बागेतला कुजलेला पाला घमेल्याघमेल्यानं आणून त्यांनी तो वर्षानुवर्षं चढवत नेला होता. आता पडल्यापडल्या त्यांना त्यातले गुलाब दिसायचे.

"ही माझी सवत," ताई वाफ्याकडे बोट दाखवून म्हणायची. "माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाही."

ओल आधी पलंगाच्या पायाशी दिसली. रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, मग मिठासारखा पांढरा लोणा फुटला. हात लावला की चिकटायचा. दाजींच्या छातीत घरघर सुरू झाली ती त्याच सुमारास.

रंगाच्या दुकानदारानं ताईला छातीठोक सांगितलं, "वहिनी, हा तेलरंग मारा. भिंत जन्मात ओली होणार नाही."

तेलरंग मारला. तो कातडीसारखा सुटून आला. मग ताईचा दीर आला. तो म्हणाला, "असल्या मलमपट्टीनं भागत नाही. सिमेंटचा जाड गिलावा करू, पाणी आतल्या आत दबेल." गिलावा केला. पाणी दबलं नाही. त्याला बाहेर पडायला वाट मिळेना, म्हणून ते सिमेंटच्या मागून वर वर चढलं आणि गिलाव्याच्या वरच्या काठाशी, बरोबर दाजींच्या उशाशी, नवीन डाग उमटला. तिथे ताईनं प्लॅस्टिकचा कागद ठोकला. त्यामागे काळी बुरशी धरली.

मी तेव्हा ताईच्या मदतीला येऊन राहिले होते. दाजींचा खोकला ऐकवत नसे. खोकून खोकून चेहरा काळानिळा व्हायचा, आणि कफ सुटला की ताई नि मी दोघी एकदम सुस्कारा टाकायचो. डॉक्टर घरी आले, त्यांनी छाती तपासली, भिंत बघितली आणि ताईला दारापाशी नेऊन म्हणाले, "यांना या खोलीतून हलवा. ही हवा यांची फुप्फुसं फार दिवस सहन करणार नाहीत."

"कुठे हलवू?" ताई म्हणाली. "खोली दाखवा, हलवते."

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या.

आम्ही पलंग मधोमध ओढून पाहिला. रस्त्याचं दार उघडेना. शिवाय खिडकी लांब गेली म्हणून दाजींनी डाव्या हातानं पलंगाची दांडी बडवायला सुरुवात केली. पुन्हा होता तिथे ढकलला.

अलीकडे त्यांचं एक नवीनच सुरू झालं होतं. खिडकीकडे हात करायचे आणि घशातून आवाज काढायचे.

"झाडं सुकली असतील," ताई म्हणायची. "जीव अडकलाय त्यांचा तिथे." आणि बादली घेऊन निघायची. ती पाणी घालायला लागली की दाजींचा हात आणखी जोरात हलायचा. "बघ गं, किती खूश होतात!" ती खिडकीतून मला सांगायची. त्या दिवसांत वाफ्याला जितकं पाणी मिळालं तितकं दाजी चालतेफिरते असतानाही मिळालं नसेल.

मी देवाजवळ रोज बसते, पण मागणं घालायची मला सवय नाही. त्या दिवसांत मात्र घातलं. म्हटलं, बरं कर असं म्हणत नाही, श्वास तेवढा पुरू दे.

एका सकाळी खोकल्याची उबळ थांबेचना. थांबली तेव्हा दाजी घामानं निथळत होते. ताईनं त्यांचं तोंड पुसलं, उठली, हातोडी घेतली आणि सिमेंट फोडायला लागली.

"अगं, धूळ उडतेय, त्यांना त्रास होईल!" मी ओरडले.

"मग तोंडावर ओलं फडकं धर त्यांच्या! ही भिंत माझ्या माणसाला खातेय आणि मी तिला कपडे शिवत बसलेय!"

मी फडकं धरलं. सिमेंटचे खपले पडले, आतल्या विटा उघड्या झाल्या. ताई मागे सरकली आणि थांबली. विटांवर ओलीची कड स्पष्ट दिसत होती, खडूनं आखल्यासारखी. पलंगाच्या डोक्याकडे उंच, पायाकडे उतरती, आणि कोपऱ्याच्या अलीकडे एकदम सरळ तुटलेली. तिथून पुढची भिंत कोरडी ठणठणीत.

"जमिनीतून येते तर इथेच का थांबली?" ती स्वतःशीच म्हणाली. मशीनवरची टेप घेऊन तिनं मापं घेतली आणि बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं वाफ्याला टेप लावली. डोक्याकडे उंच, पायाकडे उतरता, कोपऱ्याच्या अलीकडे संपलेला.

ती तिथेच फतकल मारून बसली आणि हातांनी माती उकरायला लागली. बरंच खाली भिंतीत काळी रेघ लागली. घर बांधताना गवंड्यानं जोत्यावर डांबराचा थर दिला होता, खालचं पाणी वर चढू नये म्हणून. थर शाबूत होता. पण त्याच्याही वर भिंतीला दाजींची माती टेकली होती, आणि त्या मातीत ताईचं पाणी.

ताई आत आली. हात कोपरापर्यंत चिखलाचे. पलंगाशी बसून म्हणाली, "अहो, तुम्ही हेच सांगत होतात का मला? पाणी घालू नकोस म्हणून?"

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि कानशिलावरून पाणी ओघळलं. त्याचा अर्थ हो होता की नाही, ते आम्हाला आजही ठाऊक नाही.

"माती काढावी लागेल," ताई म्हणाली. "झाडं जातील. मला शिव्या द्या, पण काढते."

दाजींनी डोळे उघडले नाहीत.

आम्ही दोघींनी माती काढली. जुनी झाडं, मुळं भिंतीशी घट्ट बसलेली. कुंड्यांत लावून पाहिली, एकही जगलं नाही. काळी रेघ उघडी झाली, आणि खिडकीत नुसतं आभाळ उरलं. दाजींनी मान खोलीकडे वळवली ती वळवलीच. हात उचलणंही सोडलं.

भिंत वाळतेय, पण फार सावकाश. आत शिरलेलं पाणी एका दिवसात निघत नाही. लोणा अजून फुटतो, ताई ब्रशनं झाडते. घरघर थोडी उतरलीय असं मला वाटतं. डॉक्टर तसं म्हणायला तयार नाहीत. "हिवाळा निघू दे," एवढंच म्हणतात.

काम आटोपलं की ताई बाहेर जाते आणि जिथून माती काढली तिथे, खिडकीसमोर उभी राहते. जमीन खाली गेल्यामुळे आतून तिचं तोंडच तेवढं दिसतं.

"अहो," ती हाक मारते, "इकडे बघा की. मी आहे इथे."

दाजी कधी बघतात, कधी नाही. ती उभीच असते.