सलीमभाईंच्याच शिफ्टमध्ये हँग होणारा काटा

“कॉम्प्युटर न्हाई बिघडला मॅडम, माणूस बिघडलाय,” केन मॅनेजर जगताप साहेब म्हणाले. “सुर्व्याच्या शिफ्टला एकदा बी हँग होत न्हाई. ह्या सलीमच्याच हाताखाली कसा होतो? उद्यापास्नं ह्याला यार्डात टाकतो.”

काटा ऑपरेटर सलीम शेख दारातच उभे होते. तोंड पार उतरलेलं. “मॅडम, मला दमा हाय. यार्डातल्या धुळीत कसं निभंल?”

साखर कारखाना शिरूर-दौंड पट्ट्यातला. नाव सांगत नाही, गाळप अजून चालू आहे. काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन घ्यायचा प्रोग्रॅम आमच्या पुण्याच्या कंपनीनं सी भाषेत लिहिलेला. लिहिणारा वायटूकेच्या नोकऱ्यांच्या लाटेत अमेरिकेला गेला आणि त्याचं निस्तरायला मी वरवंडला एसटीतून उतरले.

सी भाषेत मेमरी मागून घ्यावी लागते, त्याला मॅलॉक म्हणतात. काम झालं की परत द्यायची, ते फ्री. ते विसरलात तर कुणी आठवण करून देत नाही. एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायची आणि उतरताना टॉवेल तिथंच ठेवायचा, तशातली गत. गाडी रिकामी, पण बसायला जागा नाही. मग हँग.

कोड वाचला. पावती छापली की मेमरी बरोबर फ्री होत होती. खोट सापडेना, म्हणून सलीमभाईंच्या केबिनमध्ये स्टूल टाकून बसले.

गाडी काट्यावर आली. बटण दाबलं, वजन आलं. तेवढ्यात सलीमभाईंनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं. “ओ आप्पा, उतरा खाली! उसासंगं तुमाला बी गाळायचं हाय का?”

काट्यावर उभा असलेला टोळीचा मुकादम हसत उतरला. सलीमभाईंनी एस्केप दाबून वजन रद्द केलं, पुन्हा घेतलं. आता ट्रेलरमागून आणखी दोघं निघाले. पुन्हा एस्केप. वजन वाढवायला काट्यावर उभं राहणं ही इथली जुनी कला. पुण्यात टेस्टिंग करताना काट्यावर कोण चढणार?

मी एस्केपचा कोड उघडला. वजन रद्द केलं की प्रोग्रॅम फ्री न करताच माघारी फिरत होता. सलीमभाई जितके कडक, तितकी मेमरी लवकर संपायची. मला हसू आवरेना. तिथं फ्रीची एक ओळ घातली. शिफ्ट संपेपर्यंत काटा सुरळीत चालला.

साहेबांना कारण सांगून बघायला बोलावलं, तर बोलता बोलता तेच काट्यावर जाऊन उभे राहिले.

“सायेब, उतरा,” सलीमभाई म्हणाले आणि खुशाल एस्केप दाबलं.

साहेब उतरले. सलीमभाई काट्यावरच राहणार हे तिथंच ठरलं, आणि मला मनापासून बरं वाटलं. चहा पिताना साहेबांना शंका आली. “पण मॅडम, मंग सुर्व्याच्या शिफ्टला का नव्हता हँग होत?”

“तो एस्केप दाबतच नसेल, साहेब.”

साहेबांनी कप खाली ठेवला आणि सुर्व्याला बोलावणं धाडलं. पुढचं मला ऐकू आलं नाही, मी बाहेर पडताच त्यांनी दार लावून घेतलं.

आमचा प्रोग्रॅम कधीच बंद पडत नाही, असं कुणी सांगितलं की मी अजूनही आधी विचारते, तो नीट वापरतं का कुणी?