माझा कान आणि व्याह्यांची मोटार

काय सांगू तुम्हाला, माणसाने स्वतःच्या कानाची जाहिरात करू नये. मी केली, आणि तीही मुलीच्या सासरी! चहा घ्या, सांगतो.

रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत मी तीस वर्षं फिटर होतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग चांगलं की गेलेलं ते सांगायचं, ही आमची विद्या. भुंगा पंख सावकाश हलवतो म्हणून जाड घुमतो, डास भराभर हलवतो म्हणून बारीक गुणगुणतो. यंत्रांचंही तसंच. रोह्यात लोक म्हणायचे, "ह्याच्या कानाशी मोटार खोटं बोलत नाय." लोक म्हणायचे म्हणजे, मीच म्हणायचो.

माझी मुलगी सुलभा पेणला दिलेली. व्याह्यांची पोह्यांची गिरणी आहे. एकदा सकाळी भेटायला गेलो, तर व्याही दारातच म्हणाले, "बरे आलात, व्याहीबुवा! सकाळपास्नं मोटारीतून बारीक आवाज येतोय. कानात सुई टोचावी तसा. दोन पोती भात भिजवलेलं हाय. मोटार मधेच बसली तर सगळं आंबेल. ऐकता काय जरा?"

ऐकता काय! अहो, स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीतच असतो.

टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मोटार मस्त घुमत होती. बारीक आवाज? नावालासुद्धा नाही.

"येतोय ना?" व्याह्यांनी विचारलं.

आता 'नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पण व्याही, जावई, दोन कामगार बायका आणि सूप घेऊन बसलेली व्याह्यांची म्हातारी आई, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तीस वर्षांच्या अब्रूचा प्रश्न! मी मान डोलावली.

"येतोय की! बेअरिंग गेलं. मोटार बंद करा."

जावयाने बटण दाबलं. मोटार थांबली. मी विजयाने हात वर केला. "बघा, थांबला की नाही आवाज?"

कामगार बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जावई "पण मामा..." म्हणत होता, तोच व्याह्यांनी त्याला कोपर मारलं. सुनेच्या बापाचा शब्द चार माणसांत कसा खोडायचा? "थांबला, थांबला," व्याही म्हणाले. आमच्याकडे व्याह्याचा मान म्हणजे मान. त्यापायी चांगली मोटार उघडली गेली तरी चालते.

मग काय! बाजारातून नवं बेअरिंग आलं. दोन तास मी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. जुनं बेअरिंग काढून बोटावर फिरवून पाहिलं, तर एकदम गुळगुळीत फिरलं. मी ते गुपचूप रुमालात गुंडाळून खिशात घातलं. तिकडे व्याही दर पाच मिनिटांनी भाताचा वास घेऊन येत होते.

मोटार जोडून झाली, आणि सुलभा चहा घेऊन आली. पोटची मुलगी, तिला बापाचा कसला आलाय मान?

"बाबा, हा रातकिडा कवाचा ओरडतोय! कुणी हाकलत कसं नाय?"

तिने मोटारीच्या पट्ट्याच्या जाळीमागे हात घातला, किडा फडक्यात धरला आणि अंगणात सोडून आली.

"हां, आता कसं कानाला बरं वाटलं," एक कामगार बाई म्हणाली.

माझ्या कानाला सकाळपासून बरंच होतं. कंपनीच्या कॉम्प्रेसरच्या धडधडाटाने तीस वर्षांत जाड आवाज तेवढे माझ्याकडे ठेवले होते, बारीक सगळे नेले होते, आणि मला पत्ता नव्हता! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोटार चालू झाली, भात वाचलं, व्याही तोंडभर "झकास काम केलंत" म्हणाले. त्याने तर आणखीच लाजलो.

व्याह्यांची आई सूप खाली ठेवून उठली. माझ्याजवळ आली, पाठीवर हात ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका हो. मलापण पाच-सा वर्सं किडे ऐकायला येत नाय."

मला जरा धीर आला.

"फकस्त," म्हातारी म्हणाली, "मी मोटारी उघडत नाय."