बाबांचा ओळंबा

पेटी आवरताना जुनी वही हाती आली. पानांना अजून रॉकेलचा वास आहे.

कन्हानच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. वेबपानाची मांडणी ठरवणारा कोड, म्हणजे स्टाइलशीट, मी स्टोव्हजवळ बसून वहीत लिहायचो. नोकरीच्या परीक्षेआधी चिडलो, “बाकीचे आयतं पान बनवणाऱ्या टूलनं करून राहिले, मीच काहून हातानं लिहू?”

बाबा गवंडी. म्हणाले, “लिही गा. सिमेंटचा माल मशीन कालवते, पण एक डोळा मिटून भिंतीले ओळंबा मीच लावतो, तवाच ते सरळ येते ना!”

परीक्षेत टूलनं बनवलेलं विस्कटलेलं पान दुरुस्त करायचं होतं. बाकीचे बटणं शोधत राहिले. मी कोडची एक ओळ हातानं लिहिली अन् पान सरळ झालं. घरातला पहिला पदवीधर मी, नोकरीला लागलो.

तेव्हा ती वही म्हणजे गरिबी वाटायची. आता मिहानच्या ऑफिसात मीही टूलच वापरतो. पण पान वाकडं झालं, की पहिले कोड उघडतो अन् बाबांसारखा एक डोळा मिटतो.